रोज दोन क्वार्टर, चौदा वर्षं: हिशोब कसा मांडायचा आणि आधी काय थांबवायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही देवगडकडच्या, काजू कारखान्यात जाता. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९. यजमान ४१ वर्षांचे. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख होते, दोन हंगामांपूर्वी मालकाने तांडेलकी काढून घेतली, आता खलाशी म्हणून जातात आणि पगार ३५ हजारांवरून २२ हजारांवर आलाय. दारू १४ वर्षं, सध्या रोज दोन क्वार्टर, म्हणजे १८० मिलीच्या दोन बाटल्या, आणि किनाऱ्यावर असले की सकाळचा उतारा, म्हणजे उठल्यावर थरथर थांबवायला घेतलेली दारू, वेगळा. दागिने गहाण टाकून काढलेले २ लाख, पतसंस्थेचे दीड लाख ज्याला धाकटे दीर जामीन आहेत, गावातल्या एकाकडून शेकडा पाचने उचललेले ५० हजार आणि बचत गटाचे ३० हजार, एवढं देणं. तुम्ही विचारलंय की इतक्या वर्षांत नेमकं गेलं किती, “सगळं कर्ज फेडून दे, मग सोडतो” म्हणतात त्यावर विश्वास ठेवावा का, आणि जेवणातून द्यायची पावडर मिळते ती चालेल का.

पावडरीचं आधी, कारण त्यात जीव जाऊ शकतो. देऊ नका. अशा पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि त्यात डायसल्फिरॅमची गोळीच दळलेली असू शकते. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतातही. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्यांवर उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. म्हणून ते माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावरच सुरू करतात. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. तुम्ही दुपारी आमटीतून दिलंत, त्यांना पत्ता नाही, संध्याकाळी बोट सुटली आणि तिथे बाटली उघडली, तर बंदर कित्येक तासांवर असतं. शिवाय हे उघडं पडलं की ते तुमच्या हातचं जेवणार नाहीत. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या मनात बायकोबद्दलचा संशय तसाही मुरलेला असतो, त्यात ही भर नको.

आता हिशोबाकडे. तुम्ही आकडा विचारलाय, पण मला वाटतं तुमची खरी अडचण क्रमाची आहे. पैसा मोजका, ताकद मोजकी, आणि चारही बाजूंनी कोणीतरी मागायला उभं आहे. अशा वेळी घरचे आधी कर्जाच्या मागे लागतात, कारण दारात येऊन ओरडणारा सावकार असतो, यकृत ओरडत नाही. मी उलट क्रम सांगते: आधी शरीर सुरक्षितपणे दारूतून बाहेर काढायचं, त्याच काळात नवीन पैसा बाहेर जायच्या वाटा बुजवायच्या, आणि जुनं कर्ज त्यानंतर. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: त्यांना पूर्वी कधी आकडी आली आहे का, यकृत किती खराब झालंय, ते हात उचलतात का, आणि त्यांना स्वतःला थोडं तरी थांबावंसं वाटतं का. ही उत्तरं तुम्ही लिहिलेली नाहीत, म्हणून पुढे जिथे फरक पडतो तिथे तसं म्हणेन.

मी घरच्यांना एक शंभर पानी वही घ्यायला लावते आणि चार पानांवर चार मथळे लिहायला सांगते: बाटली, बुडालेली कमाई, व्याज, आजारपण. सगळे फक्त पहिल्या पानाचं बोलतात.

पहिलं पान. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवल्यावर १८० मिलीची विदेशी किमान २०५ रुपयांना झाली, देशी किमान ८० ला. रोजच्या दोन क्वार्टरचे ४१०, त्यात चकणा, सिगारेट आणि कोणालातरी पाजणं मिळून ९० धरा. दिवसाला ५००, महिन्याला १५ हजार. गेल्या १४ वर्षांत भाव कमी होते आणि सुरुवातीला पिणंही कमी असणार, म्हणून सरासरी दिवसाला फक्त २०० धरते. तरी वर्षाचे ७३ हजार आणि १४ वर्षांचे १० लाख २२ हजार होतात. तेच महिन्याचे सहा हजार सात टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत पडले असते तर आज सतरा लाखांच्या आसपास असते. हा आकडा त्यांच्या तोंडावर मारायला वापरू नका, प्यायलेल्या माणसाला तर मुळीच नको. तो तुमच्यासाठी आहे.

दुसरं पान बरेचजण कोरंच ठेवतात. तांडेलकी गेल्याने महिन्याला १३ हजार कमी झाले. दहा महिन्यांचा हंगाम धरला तर वर्षाला १ लाख ३० हजार, दोन हंगामांचे २ लाख ६० हजार. यात खाडे नाहीत, बोट सुटताना न उठल्यामुळे चुकलेल्या फेऱ्या नाहीत, आणि तुम्ही त्यांच्यामुळे कारखान्यात न गेलेले दिवसही नाहीत. तेही लिहा. मालकाला तुम्ही “ताप आलाय” असं किती वेळा कळवलंत, तेवढे खाडे निघतील.

तिसऱ्या पानावर व्याज. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के: ५० हजारांवर दरमहा २,५००. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज भरून होतं आणि मुद्दल जागच्या जागी. सोन्यावरचं बारा टक्क्यांनी धरलं तर महिन्याला २,०००, पतसंस्थेचं चौदा टक्क्यांनी १,७५०, बचत गटाचं दरमहा दोन टक्क्यांनी ६००. तुमच्या पावत्यांवरचे दर वेगळे असतील तर तेवढे बदला. बेरीज ६,८५०. आता ही दोन पानं शेजारी ठेवा. बाटलीचे १५ हजार अधिक व्याजाचे ६,८५०, मिळून २१,८५०. पगार २२ हजार. उरतात १५० रुपये. म्हणजे घर तुमच्या पगारावर चालतंय, आणि ते ज्या दोन महिन्यांत कमवत नाहीत त्या जून-जुलैतली दारू नव्या कर्जावर. तारखा तपासून बघा. तुमच्या चार कर्जांतली निदान दोन पावसाळ्यात काढलेली असतील.

चौथं पान सध्या कदाचित जवळजवळ रिकामं असेल, पण तेच सगळ्यात वेगाने भरतं. ४२.८ टक्क्यांच्या दोन क्वार्टरमध्ये साधारण १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज ६० ते ८० ग्रॅम दहा वर्षं, ही यकृतासाठी धोक्याची पातळी मानतात. तुमच्या घरी त्याच्या दीडपट ते दुप्पट चाललंय. सगळ्यांनाच सिरॉसिस होत नाही, हेही खरं. पण ज्याला होतो त्याच्या घरी हिशोब हजारांतून लाखांत जातो: पोटात पाणी झालं की पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट, रक्ताची उलटी झाली तर एंडोस्कोपी आणि आयसीयू, आणि शेवटी प्रत्यारोपणाची भाषा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतला अपवाद क्रमांक १२ वाचा. व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम त्यात वगळलेले असतात. अपघात विम्यातही नशेत झालेला अपघात सहसा बसत नाही, आणि बोटीवरच्या माणसाच्या घरी हे माहीत असायला हवं.

ज्याला आकडा लागत नाही त्याच्यासाठी मी वहीच्या मागच्या बाजूला एक वेगळी यादी करायला सांगते: घरात काय काय बंद झालं. गणपतीला मुक्कामाला येणारे पाहुणे हल्ली दर्शन घेऊन संध्याकाळच्या आत निघतात का. मुलगा मित्रांना घरी आणतो का. गेटची कडी वाजली की मुलगी दप्तर उचलून माजघरात जाते का, आणि कडीच्या आवाजावरून तिला आज किती प्यायलेत ते कळतं का. तुम्ही स्वतः शेवटच्या कधी पूर्ण रात्र झोपलात. वर्षानुवर्षांच्या दारूने लैंगिक क्षमता कमी होते, ते पुरुषाला कोणाशी बोलता येत नाही आणि त्यातून बायकोवरचा संशय आणखी वाढतो. अनेक घरांत मारहाण इथून सुरू होते. हे तुमच्याकडे असेल तर लाजेने झाकू नका, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण उपचाराने त्यात फरक पडू शकतो. आणि हात उचलत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे घर तुमच्या नावावर नसलं तरी त्यात राहायचा तुम्हाला हक्क आहे. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी त्याचा अर्ज भरून देतात. उपचार चालू आहेत म्हणून मार सहन करायचा, असं कुठल्याच शास्त्रात नाही.

आता दारू बंद कशी करायची. एक गोष्ट ठळकपणे सांगते: सकाळी उतारा लागणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकदम बंद करायला लावू नका. देवळात शपथ घालून, गळ्यात माळ घालूनही नको. मेंदूला इतक्या वर्षांची सवय झालेली असते, दारू अचानक काढली की तो उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, घालमेल. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: अंगावर किडे फिरतायत, दारात कोणी उभं आहे, दिवस की रात्र कळत नाही, ताप आणि नाडी वाढलेली. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसले तर तो जीवघेणा ठरतो. आपल्याकडे त्याला “बाहेरचं” समजून आधी गाऱ्हाणं घालायला नेतात आणि त्यात एक दिवस जातो. गाऱ्हाणं नंतरही घालता येतं, आधी रुग्णालय.

बोटीवर याचा वेगळाच धोका आहे. चार-पाच दिवसांची फेरी, सोबत नेलेली बाटली दुसऱ्या दिवशी संपते, म्हणजे आकडीची वेळ बरोबर भर समुद्रात येते. जाळं ओढताना आलेली आकडी म्हणजे माणूस पाण्यात. यजमान पूर्वी बोटीवर “चक्कर येऊन पडले” असं कोणी सांगितलं असेल तर नीट विचारा: दात चावले होते का, जीभ चावली गेली होती का, कपड्यात लघवी झाली होती का. तिन्हीपैकी एक जरी असलं तरी ती आकडी समजा, आणि मग दारू रुग्णालयात भरती होऊनच सोडायची.

रुग्णालयात काय होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. पहिले पाच ते सात दिवस क्लोरडायझेपॉक्साइड, किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम, मोठ्या डोसाने सुरू करून रोज कमी करत बंद करतात. ही झोपेची गोळी म्हणून मेडिकलमधून आणून घरी द्यायची गोष्ट नाही. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट थायमिन, म्हणजे बी-१. दारूतून रोज आठशेच्या वर कॅलरी मिळतात, भूक मरते आणि शरीरात बी-१ उरत नाही. अशा माणसाला “अशक्तपणा आहे” म्हणून आधी ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं बी-१ ही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यावं लागतं. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तर तुम्ही स्पष्ट सांगा: “हे रोज दारू पितात, बी-१ दिलंय का?” दारू न पिता चाल लटपटत असेल, एकाचं दोन दिसत असेल आणि बोलणं असंबद्ध होत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

तपासण्यांत हे मागा: लिव्हर फंक्शन, जीजीटी, प्लेटलेटसह संपूर्ण रक्त तपासणी, आयएनआर, क्रिएटिनिन, साखर, हिपॅटायटीस बी आणि सी, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी. लिव्हर फंक्शनच्या रिपोर्टमध्ये एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास असेल तर ते दारूकडे बोट दाखवतं. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आणि अल्ब्युमिन कमी असेल तर यकृत आतून कडक होत चालल्याची शंका घ्यायची. नुसतं “फॅटी लिव्हर” लिहून आलं तर ती त्यातल्या त्यात चांगली बातमी समजा. दारू पूर्ण थांबली तर ते बहुतेकदा काही आठवड्यांत ते महिन्यांत मागे फिरतं.

ठिकाण म्हणाल तर सिंधुदुर्गात ओरोसचं जिल्हा रुग्णालय तुम्हाला जवळ, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारपैकी एक. नाव ऐकून दचकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी संबंधित आजार मानसिक आजारांतच मोजलेत, त्यामुळे उपचार मागणं हा त्यांचा हक्क आहे. घरातून उचलून नेणारी खाजगी केंद्रं मात्र पारखून घ्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री आकडी आली तर कुठे नेता, घरच्यांना पहिल्या आठवड्यात भेटू देता का. शेवटच्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली तर निघून या. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलि-मानसवर फोन करून जवळचं सरकारी केंद्र विचारता येतं.

वेळ कोणती निवडायची? ते आज तयार झाले तर आजच न्या, हो म्हणणं दोन दिवस टिकत नाही. कावीळ, रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगणं यातलं काही असेल तर त्यांच्या होकाराची वाट बघत बसू नका. पण यातलं काही नसेल आणि ते टाळत असतील, तर मासेमारी बंदी हा तुमच्या हातातला पत्ता आहे. मेअखेर मालकाकडे हंगामाचा हिशोब होतो, एकरकमी पैसा हातात येतो, बोट किनाऱ्याला ओढून शाकारली जाते आणि पुढे दोन महिने काम नाही. वर्षातली सगळ्यात वाईट दारू याच काळात होते. तोच काळ उपचाराला वापरला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात भरती, पगार बुडत नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोट सुटेपर्यंत दोन महिने कोरडे मिळतात. दारू सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने घसरण्याचे असतात, त्यातले दोन डोळ्यांसमोर गेले तर बरंच साधतं. म्हणून एप्रिल-मे हे तयारीचे महिने धरा.

तयारी म्हणजे पैशाच्या वाटा बुजवणं. मालकाला भेटा, शक्यतो दिरांना घेऊन, आणि मेचा हिशोब रोख न देता खात्यात टाकायची विनंती करा. यजमान शुद्धीत असताना, सकाळी, त्यांच्यासमोर हे ठरवा. पाठीमागे केलं तर ते मालकाशी भांडतील आणि उरलेलं कामही जाईल. “उचल देऊ नका” हेही त्याच बैठकीत. पुढच्या हंगामाची उचल जूनमध्ये देणारा मालक चांगुलपणाने देतो, पण ती थेट बारमध्ये जाते. फोनमध्ये झटपट कर्जाची अ‍ॅप आहेत का पाहा. काही घरांत पाचवं कर्ज तिथे सापडतं.

आता कलमांचं. तुमच्याकडे सामाईक आंबा कलमं आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ही कलमं करारावर देऊन पुढच्या दोन-तीन वर्षांची आगाऊ रक्कम उचलणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि अशा करारातला माणूस दोन वर्षांत वसुली करायची म्हणून कल्टारचा, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या रसायनाचा, मारा करतो. पैसे पिऊन संपतात आणि झाडं मात्र पुढे कित्येक वर्षं दमलेली राहतात. दिरांना विचारा, असा काही कागद झालाय का. जमिनीसाठी ताजा सातबारा आणि आठ-अ काढा, आणि आपली चावडी या संकेतस्थळावर गावाचे फेरफार महिन्यातून दोनदा बघायची सवय ठेवा. चुकीच्या फेरफारावर नोटिशीपासून १५ दिवसांत तलाठ्याकडे हरकत घेता येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही जन्माने हक्क आहे, पण तुमची जमीन त्यात बसते का हे ती कशी आली यावर ठरतं. जुने फेरफार घेऊन वकिलाला दाखवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. “कर्ज फेड, मग सोडतो.” नका फेडू. ते खोटं बोलतायत म्हणून नव्हे, म्हणताना त्यांना ते खरंही वाटत असेल. पण ते पीत असतानाच बारवाल्याची आणि सावकाराची उधारी फेडली की गावात त्यांची पत परत उघडते. आज कोणी उधार देत नाही, हाच तुमच्याकडचा एकमेव बांध आहे आणि तो तुम्हीच फोडणार. बारची उधारी त्यांनी स्वतः, तीन महिने कोरडे गेल्यावर, स्वतःच्या पगारातून फेडायची, आणि तुम्ही त्या दुकानात जायचंही नाही.

बाकीच्या चारांत क्रम लावू. शेकडा पाचवाला सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात कच्चाही. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला कमाल १८ टक्के दर आहे. हे वर्षाला साठ टक्के घेतायत. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करता येते. गावात राहायचं असतं, म्हणून बहुतेक जण तक्रार न करता नुसतं कायद्याचं नाव काढून “मुद्दल घ्या, व्याज थांबवा” यावर तडजोड करतात. माझं मत विचाराल तर आतापर्यंत दिलेल्या व्याजाची तारीखवार नोंद आधी वहीत करा, कोरे चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प दिलाय का ते बघा, आणि मगच बोलायला जा. सोन्याचं गणित भावनेला धरून नसतं: गहाण दागिन्यांची आजची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त असेल तर एक दागिना मोडून बाकीचे सोडवणं आणि उरलेल्यातून सावकाराचं मुद्दल देणं स्वस्त पडतं. या दोन गोष्टींनीच महिन्याचे साडेचार हजार वाचतात. मंगळसूत्र सोडून दुसरं काही मोडता येत असेल तर तेच मोडा, सासूबाईंशी भांडण वाचेल.

पतसंस्थेत मात्र तुम्ही स्वतःहून, हप्ता थकायच्या आत जा. जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे संस्था दिरांच्या पगारावर सरळ येऊ शकते आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की बोलायला फारशी जागा उरत नाही. जून-जुलैत फक्त व्याज आणि ऑगस्टपासून हप्ता, असं लेखी मागा. मच्छीमार गावातल्या संस्थांना हंगामाचं गणित कळतं. बचत गटाचं शेवटी, पण बायकांना खरं सांगा. लपवलंत तर उद्या आधाराची हीच माणसं दुरावतील.

भरतीनंतरचं. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन यापैकी एखादी ओढ कमी करणारी गोळी मिळेल. यकृत आणि मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर कुठली ते ठरतं, महिन्याचा खर्च बहुधा बाटलीच्या पाच-सहा दिवसांएवढा. ती किमान सहा महिने ते वर्षभर. लोक दोन महिन्यांत “आता बरं वाटतंय” म्हणून थांबवतात आणि तिथेच घसरतात. कॅलेंडरवर चार दिवस आधीच लाल करा: गटारी, बोट सुटायचा दिवस, गणपतीत मुंबईहून बाटली घेऊन येणारे चुलते, आणि शिमगा. राखणीला, म्हणजे राखणदार देवाला, दारू द्यायची प्रथा घरात असेल तर ते काम दिरांनी करावं, यजमानांच्या हातात बाटली द्यायची नाही, “नुसता मान” म्हणूनही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला भरवलेली, जवळ भरत असेल तर त्यांच्यासाठी ती, आणि तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन, जे घरच्यांचंच असतं.

एखादा दिवस घसरलेच तर भांडण दुसऱ्या दिवसावर ढकला, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि मालकाला “ताप आलाय” असं कळवू नका. त्यांनी स्वतः फोन करावा. डायसल्फिरॅमवर असताना प्यायले असतील तर मात्र फोन नाही, सरळ रुग्णालय.

तपासण्या झाल्या की बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर आणि प्लेटलेट एवढे चार आकडे इथे लिहा, नाव-पत्ता नको. ओरोसला भागेल की एकदा कोल्हापूरला यकृताच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं लागेल, ते त्यावरून सांगता येईल. आणि आकडीबद्दल त्यांच्या बोटीवरच्या जुन्या माणसाला विचारलंत की तेही कळवा.